ख्रिस्ती लोकशाहीवाद : युरोपचा अनुभव आणि डहाणू-तलासरीपुढील प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की आपल्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘ख्रिस्ती माणसाचा पक्ष कोणता?’ डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या प्रश्नाला विशेष वजन आहे. तेथील कॅथोलिक बांधव संख्येने थोडे आहेत. त्यांतील पुष्कळजण आदिवासी आहेत, आणि एकाच पाड्यावर निरनिराळ्या झेंड्यांखाली वावरणाऱ्या नातलगांत ते राहतात. तेथे लाल झेंड्याची परंपरा आठ दशकांची आहे. इतर पक्षांनीही आपापली मुळे रोवली आहेत. अशा ठिकाणी ‘ख्रिस्ती राजकारण’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

युरोपात ‘ख्रिस्ती’ हे विशेषण नावात धारण करणारे पक्ष दीर्घकाळ सत्तेवर होते व काही देशांत आजही आहेत. त्यांच्यावर विद्वानांनी विपुल लेखन केले आहे. त्या लेखनाचा थोडक्यात परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या भागाला काय घेता येईल ते पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे. आरंभीच सांगायचे तर, आमच्या मते या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, युरोपात पक्ष परिस्थितीच्या रेट्याने जन्मले आणि त्यांतील काही मावळलेही. पण त्यांच्यामागील काही तत्त्वे टिकली. डहाणू-तलासरीला उपयोगी पडतील ती ही तत्त्वे.

नाव आणि अर्थ

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला कुटुंब पोसता येईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे, त्याला संघटना बांधण्याचा हक्क आहे, आणि दुर्बलांच्या रक्षणासाठी शासनाने हस्तक्षेप करणे योग्य आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्या सुमारास बेल्जियम, फ्रान्स, इटली इत्यादी देशांत ‘ख्रिस्ती लोकशाही’ हा शब्द रूढ होऊ लागला होता. १९०१ साली ‘ग्रावेस दे कोम्मुनी रे’ या परिपत्रकात याच पोपमहोदयांनी तो शब्द स्वीकारला, मात्र त्याचा अर्थ सामान्य जनांच्या कल्याणाचे कार्य एवढाच घ्यावा, त्यास राजकीय अर्थ देऊ नये, अशी मर्यादा घातली. म्हणजेच ज्या शब्दाने पुढे सरकारे चालवली, त्याचा ख्रिस्तसभेने मान्य केलेला पहिला अर्थ राजकीय नव्हताच. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी ‘चौदावे लिओ’ हे नाव घेताना ‘रेरुम नोव्हारुम’चे स्मरण केले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

१९५७ साली मायकेल फोगार्टी यांनी पश्चिम युरोपातील या चळवळीचा विस्तृत इतिहास लिहिला. कामगार संघटना, शेतकरी संघ, पतपेढ्या, युवक मंडळे, कुटुंबसंस्था या सर्वांचा त्यांनी त्यात समावेश केला. त्यांच्या दृष्टीने पक्ष हे या विशाल वृक्षाची केवळ एक फांदी होते.

पक्ष कसे जन्मले?

या प्रश्नाचे बहुचर्चित उत्तर राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी १९९६ साली दिले. ख्रिस्तसभेने योजना आखून हे पक्ष काढले, हा समज त्यांनी खोडून काढला. एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी सरकारांनी शाळा, विवाह, मठ व धर्मगुरूंचे शिक्षण यांवर निर्बंध आणले. त्यांचा प्रतिकार करण्यासाठी ख्रिस्तसभेने प्रापंचिकांच्या संघटना उभ्या केल्या. त्या संघटनांनी निवडणुकांत भाग घेतला, आणि त्यातून पक्ष घडले. पक्ष बळावताच त्यांना स्वतःचे हित कळू लागले आणि ते बिशपांच्या नियंत्रणातून बाहेर पडले. धर्मरक्षणासाठी जन्मलेले पक्ष कालांतराने राजकारण धर्मसत्तेपासून वेगळे ठेवू लागले, हा इतिहासातील मोठा विरोधाभास होय, असे कॅलिव्हास दाखवून देतात.

जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. १८७० च्या दशकात बिस्मार्क यांनी प्रशियात कॅथोलिकांविरुद्ध कायदे केले. बिशपांना तुरुंगवास घडला, शेकडो धर्मग्रामांना धर्मगुरू उरला नाही. परिणाम उलटाच झाला. १८७० साली स्थापन झालेल्या ‘झेंट्रुम’ म्हणजे ‘मध्य’ या पक्षाला १८७१ मध्ये साठेक जागा होत्या, त्या १८७४ मध्ये ९१ झाल्या. बेल्जियममध्ये १८७९ च्या शाळा कायद्याने रान पेटले आणि १८८४ साली कॅथोलिक पक्ष सत्तेवर आला. नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंट नेते अब्राहम काउपर आणि कॅथोलिक धर्मगुरू हेर्मान स्खापमान यांनी शाळांच्या प्रश्नावर हातमिळवणी केली. १९१७ साली सर्व प्राथमिक शाळांना समान सरकारी अनुदानाचा हक्क राज्यघटनेत आला.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. हे पक्ष जेथे यशस्वी झाले तेथे कॅथोलिक एकतर बहुसंख्य होते किंवा सलग प्रदेशांत फार मोठ्या संख्येने वसलेले होते. डहाणू-तलासरीत तशी स्थिती नाही. धर्माच्या नावाने वेगळी चूल मांडल्याने तेथे बळ वाढणार नाही. उलट शेजाऱ्यांपासून आणि आपल्याच जमातीतील भाऊबंदांपासून तुटण्याचा धोका मात्र वाढेल. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी काही संघटना करीत आहेत. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही, ही आजची कायदेशीर स्थिती आहे. या मागणीला उत्तर देण्यासाठी ‘आम्ही वेगळे’ असे म्हणून चालणार नाही. जमातीच्या सुखदुःखात आणि हक्कांच्या लढ्यात बरोबरीने सहभागी होणे, हेच तिचे सबळ उत्तर आहे.

काळी पाने

विद्वानांनी या चळवळीची काळी बाजूही दडवलेली नाही. १८९७ ते १९१० या काळात व्हिएन्नाचे महापौर असलेले ‘ख्रिस्ती सामाजिक’ पक्षाचे कार्ल लुएगर यांनी शहराला पाणी, गॅस व वीज यांच्या उत्तम सार्वजनिक सेवा दिल्या. पण मते मिळवण्यासाठी त्यांनी ज्यूद्वेषाला खतपाणी घातले. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने झेंट्रुम पक्षाने मतदान केले. त्या वेळी पक्षाचे अध्यक्ष लुडविग कास हे धर्मगुरू होते. ख्रिस्तसभेच्या संस्था वाचाव्यात ही आशा त्यामागे होती. जुलै १९३३ मध्ये खुद्द पक्षच विसर्जित करावा लागला.

इतिहासकार जेम्स चॅपल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचा वेध घेतला आहे. १९३० च्या दशकात कॅथोलिकांचे दोन प्रवाह झाले, असे ते सांगतात. एकाने साम्यवादाला मुख्य शत्रू मानले व कुटुंबाच्या रक्षणासाठी हुकूमशहांशी जुळवून घेतले. दुसऱ्याने फॅसिझमला शत्रू मानले, आणि इतर धर्मीयांशी व समाजवाद्यांशीही बंधुभावाने सहकार्य केले. केवळ आपल्या समाजाचे, आपल्या संस्थांचे संरक्षण हा एकच निकष मानून मत दिले तर त्याची किंमत इतरांना व शेवटी स्वतःलाही मोजावी लागते, हा त्यातील धडा आहे.

याच काळातील एक उजळ नाव म्हणजे सिसिलीचे धर्मगुरू लुइजी स्तुर्झो. १९१९ साली त्यांनी ‘इटालियन लोकपक्ष’ स्थापन केला व त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याला १०० जागा मिळाल्या. आपला पक्ष ख्रिस्ती प्रेरणेचा असला तरी तो ख्रिस्तसभेचा पक्ष नाही, असा त्यांचा आग्रह होता. मुसोलिनीला विरोध केल्यामुळे १९२४ साली त्यांना देश सोडावा लागला. ते परतले १९४६ साली.

महायुद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कोनराड आडेनॉएर, इटलीत आल्चिदे दे गास्पेरी आणि फ्रान्समध्ये रॉबेर शूमन यांनी या चळवळीला नवे रूप दिले. आडेनॉएर यांच्या पक्षात कॅथोलिक व प्रोटेस्टंट एकत्र आले. ९ मे १९५० रोजी शूमन यांनी कोळसा व पोलाद यांचा कारभार फ्रान्स व जर्मनी यांनी सामाईक करावा अशी घोषणा केली, आणि आजच्या युरोपीय संघाचा पाया घातला गेला. जर्मनीत १९५१ च्या कायद्याने कोळसा व पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांना भागधारकांच्या बरोबरीने प्रतिनिधित्व मिळाले.

या यशाचे विद्वानांनी केलेले विश्लेषण एकसारखे नाही. केस व्हान केर्सबेर्गेन यांनी १९९५ साली ‘सामाजिक भांडवलशाही’ ही संज्ञा मांडली. बाजारपेठ राहू द्यावी, पण कुटुंबाला आधार आणि निरनिराळ्या वर्गांत समेट घडवावा, ही या पक्षांची खरी खूण, असे ते म्हणतात. यान-वेर्नर म्युलर यांच्या मते (२०११), हुकूमशाही अनुभवलेल्या युरोपला बहुमतावरही अंकुश हवा होता. म्हणून या पक्षांनी घटनात्मक न्यायालये व राष्ट्रांपलीकडील संस्था यांना बळ दिले. वोल्फ्राम कायझर यांनी २००७ साली विविध देशांतील नेत्यांचे जाळे उलगडून दाखवले. कार्लो इन्व्हेर्निझ्झी आचेत्ती यांनी २०१९ साली असे प्रतिपादन केले की, हा केवळ मध्यममार्ग नसून मानवी प्रतिष्ठा, सामाईक हित, एकजूट आणि पूरकता यांवर उभी असलेली ही स्वतंत्र विचारप्रणाली आहे.

दे गास्पेरींचा एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १९५२ साली रोमच्या महापालिका निवडणुकीत साम्यवाद्यांचा विजय टाळण्यासाठी अतिउजव्या गटांशी युती करावी, असा आग्रह व्हॅटिकनमधून झाला. फॅसिस्टांच्या तुरुंगात राहिलेल्या दे गास्पेरींनी नकार दिला. त्यानंतर त्यांनी विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त बारावे पायस यांच्या भेटीची विनंती केली, तेव्हा ती मान्य झाली नाही. दे गास्पेरी दुःखी झाले, पण श्रद्धेपासून ढळले नाहीत आणि आपल्या राजकीय निर्णयापासूनही. प्रापंचिकाची सदसद्विवेकबुद्धी व श्रद्धा एकत्र नांदू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

जमिनीचा प्रश्न : मेलिस्सा आणि तलवाडा

इटलीचाच आणखी एक अध्याय आपल्या भागाच्या इतिहासाशी थेट ताडून पाहता येतो. कालाब्रिया प्रांतातील मेलिस्सा या गावी भूमिहीन शेतकऱ्यांनी पडीक जहागिरी जमीन कसायला घेतली. २९ ऑक्टोबर १९४९ रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला व तिघांचा बळी गेला. देशभर क्षोभ उसळला. १९५० साली दे गास्पेरी सरकारने जमीन सुधारणेचे कायदे केले आणि सुमारे सात लाख हेक्टर जमीन वाटपासाठी घेतली गेली.

हे ख्रिस्ती विवेकाचे फळ की साम्यवाद्यांच्या धास्तीचे? विद्वानांत मतभेद आहेत. इतिहासकार पॉल गिन्सबर्ग यांनी दाखवले आहे की, या सुधारणेमुळे जमीनदारांची सत्ता खिळखिळी झाली, पण जमीन मिळवणारा शेतकरी सरकारी कार्यालयांच्या व पक्षाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहू लागला आणि शेतकऱ्यांची एकजूट फुटली.

मेलिस्साच्या चार वर्षे आधी आपल्या परिसरात काय घडले? वारली बांधव जमीनदार व सावकारांच्या वेठीखाली पिचत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर राबावे अशी ‘लग्नगडी’ पद्धत होती. ब्रिटिश अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या अहवालाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही स्थिती सरकारदरबारी नोंदवली होती. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या हाकेवरून हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. मुंबईच्या गोठ्यांना पुरवल्या जाणाऱ्या गवताची कापणी हे तेव्हाचे मोठे काम होते. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी पुढे आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड व त्यांचे साथी मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा इतिहास लिहिला. त्यास १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्या लढ्याची छाया आजही मतपेटीवर आहे : २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत डहाणू विधानसभा मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले.

देवाला न मानणाऱ्या विचारसरणीशी ख्रिस्ती श्रद्धेचे मतभेद आहेत व राहतील. पण माणसाला जनावरासारखे राबवू नये, ही मागणी ‘रेरुम नोव्हारुम’ची आहे आणि झरीच्या सभेचीही आहे. न्याय्य मागणी कोणत्या झेंड्याखालून आली यावरून तिची न्याय्यता कमी होत नाही. त्याचबरोबर गिन्सबर्ग यांचा इशाराही विसरू नये : पक्षाच्या कृपेने मिळालेला हक्क पक्षाच्या कृपेनेच टिकतो. हक्क खरा व्हायचा तर निर्णय माणसांच्या हाती यावा लागतो.

पूरकतेचे तत्त्व आणि ग्रामसभा

याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोकशाहीवादाचे सर्वांत टिकाऊ तत्त्व उपयोगी पडते. अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात ते मांडले. लहान समुदाय जे काम स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय आहे. आणि लहान समुदायाला जेथे बळ कमी पडेल तेथे मोठ्या सत्तेने साहाय्य करणे हे तिचे कर्तव्य आहे. हे तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराद्वारे युरोपीय संघाच्या कायद्यात आले. त्याची दोन्ही अंगे सारखीच महत्त्वाची आहेत, कारण केवळ पहिले अंग घेऊन सरकारे आपली जबाबदारी झटकतात आणि केवळ दुसरे अंग घेऊन ती सर्व निर्णय बळकावतात.

आपल्या देशात डिसेंबर १९९६ मध्ये संमत झालेला ‘पेसा’ कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा, वेगळ्या वाटेने याच विचारापर्यंत पोहोचला आहे. डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राने २०१४ साली या कायद्याचे नियम केले. त्यांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते व त्याची स्वतःची ग्रामसभा भरते. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अबंध निधी म्हणून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यांची पहिली तपासणी ग्रामसभा करते. त्या सभेला किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

वाढवण बंदराच्या प्रश्नाने या तत्त्वाची कसोटी लागली आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली प्राधिकरण नेमले गेले व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ साली आपल्या निधनापर्यंत त्याचे अध्यक्षपद भूषवले. या प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला. जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार, बागायतदार व अनेक ग्रामस्थांनी त्यास सातत्याने विरोध केला आहे. रोजगाराच्या आशेने त्याचे स्वागत करणारेही आहेत. या वादात वाचकांनी कोणती बाजू घ्यावी, हे आम्ही येथे सांगत नाही. पण ज्यांचे जीवन बदलणार आहे त्यांचे म्हणणे निर्णयाआधी व मनापासून ऐकले गेले काय, हा प्रश्न विचारणे हे प्रत्येक ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्य आहे. पूरकतेच्या तत्त्वाचा अर्थ तोच.

ख्रिस्तसभेची मर्यादा, प्रापंचिकांचे कार्य

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना शासकीय सत्तेची पदे वर्ज्य केली आहेत व राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यासही सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. म्हणून ‘कोणाला मत द्यावे?’ याचे उत्तर वेदीवरून मिळणार नाही, मिळूही नये. कशाच्या आधारे मत द्यावे, हे मात्र ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण सांगते.

राजकारणाची दुसरी एक वाटही आहे, फोगार्टींनी दाखवलेली : छोट्या, सर्वांना खुल्या असलेल्या संस्थांची. जर्मनीत राइफायझेन या प्रोटेस्टंट गृहस्थाने शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांचा पाया घातला. बेल्जियममध्ये १८९० साली धर्मगुरू मेलार्ट्स यांच्या पुढाकाराने शेतकरी संघ उभा राहिला. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनिओर पी. जे. मोनीस यांच्या प्रेरणेने सुरू झालेली बॅसीन कॅथोलिक बँक ही त्याच जातकुळीची. सावकाराच्या दारी जाणारी वाट अशा संस्था बंद करतात आणि सभासदाला हिशेब विचारायला शिकवतात. लोकशाहीचे खरे शिक्षण हेच.

इटलीचा बलाढ्य ख्रिस्ती लोकशाही पक्ष लाचलुचपतीच्या प्रकरणांनंतर १९९४ साली विसर्जित झाला. जवळजवळ अर्धशतक सत्तेत राहूनही नावातील ‘ख्रिस्ती’ हा शब्द त्याला वाचवू शकला नाही. त्याच पक्षाचे संस्थापक दे गास्पेरी मात्र आज धन्यवादित पदाच्या वाटेवर आहेत. पक्षाचे नाव आणि माणसाचे आचरण यांतील अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण.

डहाणू व तलासरीतील आमच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. पुढील ग्रामसभेची तारीख माहीत करून घ्या. घरातील स्त्रियांसह हजर राहा. अबंध निधीचा हिशेब मागा, शेजाऱ्याच्या वनहक्क दाव्याची चौकशी करा, आणि तो शेजारी कोणत्या देवाचा भक्त व कोणत्या झेंड्याचा कार्यकर्ता आहे, हे न पाहता त्याच्या न्याय्य मागणीच्या बाजूने हात वर करा. युरोपातील विद्वानांनी दीडशे वर्षांच्या इतिहासातून जे शोधून काढले ते आचरणात आणण्यासाठी आपल्याला नव्या पक्षाची गरज नाही.